"समजलं का?" "हो बाईऽऽ!" – टॅबवरची पुस्तकं आणि स्वतःला काय कळलं नाही ते मुलांचं मुलांना कळणं

पाटीपेन्सिल (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे वाचनमात्र असते. पण गेले चार महिने एक गोष्ट डोक्यात घोळतेय आणि शाळेत बोलायला दुसरे एकच गुरुजी. ते पहिली-दुसरी आणि पोषण आहाराच्या हिशेबात बुडालेले. म्हणून हा धागा.

शाळा जिल्हा परिषदेची, द्विशिक्षकी. तिसरी-चौथी माझ्याकडे, पट २३. लोकवर्गणीतून चार टॅब मिळालेत, एकाची काच तडकलीय पण चालतो. त्यावर प्रथम बुक्स या प्रकाशनसंस्थेच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरची मराठी पुस्तकं उतरवून ठेवलीयत. ही पुस्तकं खुल्या परवान्याची आहेत. उतरवा, छापा, बदला, फक्त मूळ लेखक-चित्रकाराचं नाव राहू द्या. यातलं 'बदला' लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गोष्ट संपली की मी विचारायची, "समजलं का?" एका सुरात उत्तर, "हो बाईऽऽ." हा 'हो' कसला असतो ते मास्तरकी करणाऱ्यांना सांगायला नको. पण मला वाटायचं, पोरं खोटं बोलतात. आता वाटतं, बहुतेक वेळा ती खरंच बोलत असतात. त्यांना मनापासून वाटतं की समजलं.

हे कळलं कागदाच्या होडीमुळे. होडी कशी करायची याचं नऊ पानांचं पुस्तक मीच मोबाईलवर फोटो काढून केलं होतं, एका पानावर एक घडी. एक दिवस खोडी सुचली. सहावं पान काढून टाकलं. टोपी झाली की ती उघडून चपटी करून चौकोन करायचा, ते पान. चार टॅब, चार गट, "नीट वाचा, मग कागद देते." वाचून झालं. समजलं? हो बाई. कोणाला काही विचारायचंय? एकच हात वर. "बाई, रंगीत कागद देणार का?"

कागद वाटले. टोपीपर्यंत सगळे झपाट्याने गेले आणि तिथे अडकले. पुढच्या चित्रात चौकोन, हातात टोपी. पहिली पाच मिनिटं सगळा दोष कागदाचा. "बाई, हा जाड आहे." "बाई, ह्याने आधीच चुरगाळला." एकाने टोपी डोक्यावर घालून विषय संपवला. मग शेवटच्या रांगेतली एक मुलगी, जी वर्गात फारशी बोलत नाही, पानं मागे-पुढे करत बसली होती. ती हळूच म्हणाली, "बाई, पाचानंतर सात आहे."

पुस्तक वाचताना ते पान नसल्याचं एकालाही जाणवलं नव्हतं. हाताला लागलं तेव्हा जाणवलं.

त्यानंतर मी दोन गोष्टी सुरू केल्या. एक, 'थांबा-पान'. गोष्टीच्या पीडीएफमध्ये मध्येच एक कोरं पिवळं पान घालते. त्यावर काही नसतं, कधीतरी एखादा प्रश्न. तिथे थांबून शेजाऱ्याला सांगायचं की आत्तापर्यंत काय झालं, पुढे काय होईल आणि कशावरून. दुसरी गोष्ट रेकॉर्डिंग. टॅबवर आपलं वाचन आपणच रेकॉर्ड करायचं आणि पुस्तक समोर ठेवून ऐकायचं.

रेकॉर्डिंगचा एक प्रसंग. गोष्टीत वाक्य होतं, "म्हातारीने तिला ओंजळभर दाणे दिले." मुलीने वाचलं, "म्हातारीने तिला ओंजळ. भर दाणे दिले." मी काही बोलले नाही. तिने हेडफोन लावून ऐकलं, कपाळाला आठी, परत ऐकलं. मग म्हणाली, "बाई, भर दाणे म्हणजे कसले दाणे?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच दोन्ही हात जोडून ओंजळ केली आणि हसली. वाचताना तिला ते खटकलं नव्हतं, ऐकताना खटकलं.

माझी चूकही सांगते. सुरुवातीला हेडफोन नव्हते, म्हणून एका मुलाचं रेकॉर्डिंग वर्गासमोर लावलं. पोरं हसली. मग आठवडाभर तो टॅबकडे फिरकला नाही. वाचायला सांगितलं की पोटात दुखायचं. तेव्हापासून ज्याचं रेकॉर्डिंग त्यानेच ऐकायचं, आणि ऐकून झालं की पुसायचं की ठेवायचं तेही त्यानेच ठरवायचं.

तर प्रश्न असा की असं काही करणारं आणखी कोणी आहे का? आणि हे मोजायचं कसं?

---

खवचट_आजोबा

बाई, लिहिलंय झकास. पण टॅब बाजूला ठेवला तर यातलं काय बिघडतं? आमचे गुरुजी वाचता वाचता पुस्तक फटकन मिटायचे. "सांग आता, पुढे काय?" झालं तुमचं थांबा-पान. तेही विजेशिवाय.

(४० वर्षं मराठी शिकवलं, त्यातली ३० खडूच्या धुळीत. तेव्हा टॅबबद्दल पूर्वग्रह आहे, लपवत नाही.)

---

पाटीपेन्सिल

आजोबा, थांबा-पानाचं म्हणणं मान्य. ते छापील पुस्तकात चिठ्ठी घालूनही होतं, मी घालतेही.

पण छापील पुस्तकातलं सहावं पान मी फाडू शकत नाही हो. ग्रंथालयाची नोंदवही माझ्याच नावावर आहे. 😀 आणि स्वतःचा आवाज परत ऐकायची सोय गुरुजींच्या छडीत नव्हती. तिसरं म्हणजे, पुस्तक मिटून "सांग पुढे काय" म्हणणारे गुरुजी समोर असतात तेव्हा पोर गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं. हेडफोन घालून बसलेल्या पोराला बघायला माझा चेहरा नसतो.

---

अभ्यासू_घुबड

पाटीपेन्सिल, तुम्ही जे केलंत ते जवळपास असंच ४०-५० वर्षांपूर्वी अमेरिकेत करून झालंय हे तुम्हाला माहीत नसावं, म्हणून जास्तच आवडलं.

१९७७ साली एलन मार्कमन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी पहिली ते तिसरीच्या मुलांना एक पत्त्यांचा खेळ समजावला, पण त्यातली कळीची माहितीच सांगितली नाही. मग 'काही विचारायचंय का?' अशा अर्थाचे प्रश्न एकेक करत, जास्त जास्त खोदत विचारत गेल्या. लहान मुलांना बराच वेळ काही खटकलंच नाही, खेळायला बसवल्यावर खटकलं. तिसरीतल्यांना त्या मानाने लवकर. त्यांचा निष्कर्ष मला पटतो. मूल सूचना कानाने घेतं पण मनातल्या मनात करून बघत नाही, म्हणून भोक दिसत नाही. तुमची होडी म्हणजे हेच.

या सगळ्याला मेटाकॉग्निशन हे नाव जॉन फ्लॅवेल यांनी सत्तरच्या दशकात रूढ केलं. आपण काय जाणतो हे जाणणं, आणि त्याप्रमाणे आपलं शिकणं वळवणं. दुसरा भाग लोक विसरतात. नुसतं 'मला कळलं नाही' एवढं कळून भागत नाही. 'मग आता मागचं पान उघडू, की शेजाऱ्याला विचारू, की पुढे वाचून बघू' हे ठरवता यायला हवं. तुमच्या त्या मुलीने पानांचे आकडे मोजले, म्हणजे तिने हा दुसरा भागही केला.

थांबा-पानाचं मूळही सापडेल. पॅलिंक्सार आणि ब्राऊन या दोघींनी १९८४ मध्ये चार गोष्टींची जोडगोळी मांडली होती (चारांची जोडगोळी कशी, ते आजोबांनी विचारू नये): पुढचा अंदाज, प्रश्न काढणं, अडलेल्याचा उलगडा आणि थोडक्यात सांगणं. आधी शिक्षक करून दाखवतो, मग मुलं आळीपाळीने शिक्षक होतात. त्यांची मुलं सातवीची होती, वाचता येणारी पण अर्थात कच्ची.

आता टॅबचं. आजोबांचा संशय अगदीच निराधार नाही. २०१८ मध्ये ५४ अभ्यास एकत्र करून पाहिलं गेलं, एक लाख सत्तर हजारांहून जास्त वाचक. तोच मजकूर पडद्यापेक्षा कागदावर बरा समजतो असं निघालं, आणि हा फरक वर्षागणिक कमी न होता वाढत गेला होता. त्याहून तुमच्या विषयाच्या जवळचं म्हणजे, पडद्यावर वाचणारे स्वतःच्या समजण्याबद्दल जास्त फुशारकी मारतात असं बऱ्याच प्रयोगांत दिसलंय. म्हणजे 'हो बाई' पडद्यावर आणखी मोठ्याने!

पण ते मुख्यतः मोठ्यांबद्दल. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांवरच्या ३९ अभ्यासांचा आढावा २०२१ मध्ये आला, त्यात चित्र वेगळं आहे. नुसता आवाज आणि अक्षरं उजळणं एवढंच असेल तर कागदच सरस. पण गोष्टीच्या गाभ्याकडे लक्ष नेणारी काही सोय असेल, तर डिजिटल पुस्तक कागदाच्या पुढे जातं. आणि मजा अशी की शब्दावर बोट ठेवलं की अर्थ सांगणारा कोश शब्दसंग्रह वाढवतो, पण गोष्ट समजायला मदत करत नाही.

---

खवचट_आजोबा

घुबडराव, 'मेटाकॉग्निशन' म्हणताना माझी कवळी निसटली. मराठीत काही नाही का?

---

अभ्यासू_घुबड

आहेत की. अधिबोध, पराबोध, अधिसंज्ञान... बीएडच्या गाईडांत एकेक प्रकाशकाचा एकेक शब्द.

---

सातासमुद्रापार

अवांतर: आमच्या रविवारच्या मराठी शाळेत मी मुलांना म्हणते, "आपल्याच डोक्यात डोकावून बघ." त्यांना लगेच कळतं. अधिसंज्ञान म्हटलं असतं तर त्यांच्या आईबाबांनाही डोकवावं लागलं असतं.

आता विषयावर. आमच्याकडची मुलं इंग्रजी शाळेत दुसरी-तिसरीपासून 'अंदाज कर, चित्र बघ, तुझ्या आयुष्याशी जोड' हे सगळं घोकून आलेली असतात. तरी मराठी पुस्तक उघडलं की त्यातलं एकही वापरत नाहीत. अक्षरामागून अक्षर, जोडाक्षर आलं की थांबा, पान संपलं की सुटलो. इंग्रजीत ती वाचक असतात आणि मराठीत हमाल.

आम्ही एक केलं. तीच गोष्ट स्टोरीवीव्हरवर इंग्रजीत आणि मराठीत दोन्ही असते. आधी मराठीतून वाचायची, काय समजलं ते चार वाक्यांत (इंग्रजी-मराठी कशीही) सांगायचं, आणि मग इंग्रजी आवृत्ती उघडून आपणच ताडून बघायचं. मी तपासत नाही. एक मुलगा ताडून बघून म्हणाला, "मावशी, मी चित्र वाचलं, अक्षरं नाही." माझ्या आठ वर्षांच्या रविवारांत एवढं अचूक आत्मपरीक्षण ऐकलं नव्हतं.

---

लोकलकर

पालक म्हणून लिहितोय, शिक्षक नाही. मुलगी दुसरीत. वाचन मागे पडलं म्हणून एक वाचनाचं ॲप घेतलं (नाव देत नाही). आपण मोठ्याने वाचायचं, ॲप ऐकतं, बरोबर शब्द हिरवा, चुकला तर लाल, शेवटी चांदण्या. दोन महिन्यांत वाचन भराभर. नातेवाईक आले की प्रात्यक्षिक.

एक दिवस प्लॅटफॉर्मवर गाडीची वाट बघत होतो. तिने एक गोष्ट वाचली, पाचपैकी पाच चांदण्या. मी सहज विचारलं, "मग त्या माकडाचं काय झालं गं?" ती म्हणाली, "माकड होतं?"

मी म्हटलं, तुला समजलं का गोष्ट? तर तिने मला चांदण्या दाखवल्या. तिच्या दृष्टीने समजलं की नाही हा तिचा प्रश्नच नव्हता, ते ॲप ठरवतं. वर तो ब्रेकेटमधला मजकूर वाचला, पोर गुरुजींच्या चेहऱ्याकडे बघून उत्तर देतं असं काहीतरी. तसंच हे, फक्त चेहऱ्याच्या जागी चांदणी.

---

पाटीपेन्सिल

लोकलकर, ते ब्रेकेटमधलं नव्हतं, पण मुद्दा एकदम नेमका. मी तुमच्याच बाजूने आहे. मुलीचं वाचन सुधारलं यात ॲपचा वाटा आहेच, उच्चार आणि वेग यांसाठी माझ्या २३ जणांना मी एकेकटी इतका वेळ कधीच देऊ शकणार नाही. फक्त चांदण्या दिसायच्या आधी तिला विचारून बघा, "किती मिळतील असं वाटतं?" आणि चांदण्या मिळाल्यावर, "त्या कशाबद्दल मिळाल्या?"

---

लोकलकर

आज विचारलं. "किती मिळतील?" "पाच." "कशाबद्दल?" "मोठ्याने वाचल्याबद्दल." 🙏

---

रेंजनाही

मेळघाटात आहे. धागा तालुक्याला गेलो तेव्हा उघडला, आज प्रतिसाद देतोय. पुस्तकं मेमरी कार्डावर घेऊन वर जातो.

माझी मुलं घरी कोरकू बोलतात. कोरकू मुंडा कुळातली, मराठीशी तिचं नातं नाही. त्यामुळे 'समजलं का'मध्ये माझ्याकडे एक गाठ जास्त आहे. मूल गप्प बसतं तेव्हा त्याला गोष्ट कळली नाही, की शब्द कळला नाही, की कळलंय पण मराठीत सांगता येत नाही? बाहेरून तिन्ही सारखंच दिसतं. आणि मुलालाही आतून सारखंच वाटतं. "येत नाही सर." संपलं.

मी आधी सरळ मार्ग घेतला. पुस्तकाच्या पानांना गावातल्याच एका बारावी झालेल्या मुलीकडून कोरकूत आवाज दिला. मुलं खूश, पण मग मराठी कोण वाचणार? सगळे आवाजाचंच बटण दाबायचे. म्हणून आता क्रम बदललाय. आधी मराठी वाचायचं आणि तीन खडे ठेवायचे. खडा पुस्तकाच्या चित्रावर ठेवला तर 'गोष्ट अडली', अक्षरांवर ठेवला तर 'शब्द अडला', आणि खडा हातातच राहिला तर 'कळलं पण बोलता येत नाही'. त्यानंतरच कोरकू आवाज ऐकायचा, आणि खडा हलवायचा असेल तर हलवायचा.

पहिल्या महिन्यात सगळे खडे अक्षरांवर. आता हातात राहणारे खडे वाढलेत. ही मला या वर्षातली सगळ्यात चांगली बातमी वाटते, कारण ही मुलं स्वतःला 'ढ' समजत होती. त्यांना कळलं की अडलंय ते भाषेत, डोक्यात नाही.

टॅबवर खडे ठेवल्याने ओरखडे पडतात. पण चिंचोके चालतात.

---

खवचट_आजोबा

रेंजनाही, तुम्हाला साष्टांग. टॅबला नाही, चिंचोक्याला.

एक गंभीर शंका. लहान पोराला स्वतःबद्दल जास्तच वाटतं हे वाईटच कशावरून? 'मला सगळं येतं' म्हणणारं पोर उद्या परत झाडावर चढतं. त्याला रोज दाखवून दिलंत की बाबा रे तुला येत नाहीये, तर ते चढायचंच सोडेल. बाईंच्या त्या पोटात दुखणाऱ्या मुलाचं काय झालं, आठवा.

---

अभ्यासू_घुबड

आजोबा, तुमच्या बाजूने बोलणारे संशोधकही आहेत. लहान वयातली ही फाजील खात्री मुलांना खटपट करत ठेवते, असं ते म्हणतात. चार वर्षांच्या मुलाला दहा चित्रं दाखवून किती आठवतील विचारलं तर ते बेधडक सगळी म्हणतं, आणि तीन-चार सांगितल्यावरही पुढच्या वेळी परत सगळीच म्हणतं. देवाची कृपा म्हणायची.

पण आठव्या-नवव्या वर्षी प्रश्न बदलतो. तिथून पुढे मूल 'वाचायला शिकणं' सोडून 'शिकायला वाचणं' सुरू करतं. परिसर अभ्यासाचा पाठ एकट्याने वाचून त्यातलं काय निसटलं हे ज्याला ओळखता येत नाही, ते सगळंच परत वाचत बसतं किंवा काहीच वाचत नाही. फरक कशाने पडतो? माझ्या मते, कळलं नाही हे *कोणासमोर* कळतं त्याने. पाटीपेन्सिल यांनी हेडफोन आणले तिथेच उत्तर दिलंय.

---

कागदीघोडे

छान चाललंय. फक्त एक विनंती, हे वर कोणाला कळू देऊ नका. नाहीतर पुढच्या शिक्षण परिषदेत 'थांबा-पान उपक्रम' म्हणून पीपीटी होईल, मग लिंक येईल, मग रोज किती विद्यार्थी किती वेळा थांबले ते दुपारी चारच्या आत भरायचं. पुरावा म्हणून पिवळ्या पानासोबत विद्यार्थ्याचा फोटो.

---

पाटीपेन्सिल

कागदीघोडे 😂😂 पाणी सांडलं की-बोर्डवर.

---

पाटीपेन्सिल (सहा आठवड्यांनंतर)

धागा वर काढतेय, कारण मोजायचं कसं हा माझा मूळ प्रश्न होता आणि त्यातच फसलेय.

मी असं केलं. गोष्ट वाचून झाली की शेवटी पाच प्रश्नांचं पान. ते उघडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत आकडा लिहायचा, पाचपैकी किती येतील. मग प्रश्न सोडवायचे, खऱ्या गुणांचा आकडा शेजारी. दोन्हींतला फरक जितका कमी तितकं चांगलं. गुणांना टाळ्या नाहीत, आकडे जुळले की टाळ्या. मला वाटलं, काय डोकं लढवलंय मी!

पहिल्या आठवड्यात वहीत सगळीकडे ५. खरे गुण दोन, तीन, एक. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात आकडे खाली यायला लागले, ४, ३. ती होडीवाली मुलगी तर पाचपैकी पाच वेळा जुळवत होती. मी खूश. आणि वाचण्यातही फरक दिसत होता. पूर्वी गोष्ट संपली की टॅब पुढच्याकडे, आता निदान सात-आठ जण आकडा लिहायच्या आधी मागची पानं चाळतात. कोणी सांगितलं नव्हतं.

चौथ्या आठवड्यात एक मुलगा, वर्गातला हुशार म्हणावा असा, रोज ३ लिहायचा आणि रोज बरोबर तीनच मिळवायचा. सलग चार दिवस. मला संशय आला. पाचव्या दिवशी जवळ जाऊन बसले. त्याने पहिले तीन प्रश्न भराभर सोडवले, चौथा वाचला, ओठातल्या ओठात उत्तर पुटपुटला आणि कागदावर काहीच न लिहिता पेन्सिल खाली ठेवली.

"अरे, हे तुला येतंय की!"

"येतंय बाई. पण लिहिलं तर चार होतील ना."

टाळ्यांसाठी पोराने येत असलेलं उत्तर गिळलं. मी दुसऱ्यांच्या चांदण्यांना नावं ठेवत होते आणि माझ्या वर्गात मी स्वतःच चांदणी टांगली होती. वह्या परत तपासल्या तर आणखी दोघी-तिघी सुरक्षित आकडा म्हणून रोज २ लिहायच्या. कमी सांगितलं की चूक होत नाही, हे त्यांना माझ्याआधी कळलं.

आता काय करू? आकडा बंद करू का?

---

लोकलकर

तुमचा हा मुलगा पुढे शेअर बाजारात नाव काढणार.

---

रेंजनाही

टाळ्या बंद करा, आकडा राहू द्या?

---

पाटीपेन्सिल

केलं दोन दिवस. टाळ्या नाहीत म्हटल्यावर आकडा लिहायलाच कोणी तयार नाही. "बाई, मग कशाला लिहायचा?" बरोबरच आहे त्यांचं.

---

खवचट_आजोबा

बाई, आकडाच चुकीचा आहे. किती चुकतील हे मलाही सांगता येणार नाही. पण *कोणतं* चुकेल ते पोराला ठाऊक असतं. आमच्याकडे पाढे म्हणताना सातआठे छप्पनला पोरांचा आवाज बारीक व्हायचा, तेव्हा न विचारता कळायचं. प्रश्नांचं पान उघडू द्या. सोडवायच्या आधी नुसतं बोट ठेवायला सांगा, "यातला कोणता तुला दगा देईल?" आणि मग त्या एका प्रश्नासाठी गोष्टीत परत जायची मुभा द्या. त्याच्यासाठीच, बाकीच्यांसाठी नाही. चुकीच्या प्रश्नावर बोट ठेवलं तर मुभा वाया गेली, त्याचं त्यालाच कळेल. टाळ्या लागत नाहीत.

(हो, टॅबवरच करा. पानं उलटायला बरं पडेल. लिहिलं एकदाचं.)

---

अभ्यासू_घुबड

आजोबा, एकूण किती येतील हा अंदाज आणि एकेका प्रश्नाचा वेगळा अंदाज, हे दोन संशोधकही वेगवेगळे मोजतात, आणि शिकण्यासाठी दुसराच जास्त कामाचा. तुम्ही तो सातआठे छप्पनमध्ये उरकलात.

---

पाटीपेन्सिल

आज करून बघितलं. २३ पैकी १९ हजर. तिसऱ्या प्रश्नावर ११ बोटं. प्रश्न होता, "म्हातारीने मुलीला एकदम पोतंभर दाणे का दिले नाहीत?" मी तो पान भरायला म्हणून टाकला होता, बाकीच्या चारांची उत्तरं गोष्टीत सरळ लिहिलेली आहेत आणि याचं कुठेच नाही. ते मला सुचलं नव्हतं, पोरांच्या बोटांनी दाखवलं. अकराही जण गोष्टीत परत गेले, चार-पाच पानं वर-खाली केली आणि एक जण चिडून म्हणाला, "बाई, तुम्ही परत पान काढलंय का?"

त्या तीनवाल्या मुलाने बोटच ठेवलं नाही. दहा मिनिटं बसला. मग विचारलं, "बाई, दोन ठेवली तर चालतील?"

उद्यापासून दोन बोटं चालतील असं सांगितलंय. हेडफोनचा एक कान बंद पडलाय, कोणाला स्वस्तातला आणि पोरांच्या हातात टिकणारा माहीत असेल तर सांगा.